उलगडणारा हात

वहीचं एक पान मुठीत चुरगळलं की कागद करकरतो, आणि त्या आवाजातच त्याचं पुढचं ठरून जातं. चुरगळलेल्या कागदाला आपल्याकडे केराच्या टोपलीखेरीज दुसरं घर नाही. पण हाताची जवळजवळ तीच हालचाल आपण रोज सकाळी परातीतही करतो, तेव्हा तिचं नाव बदलतं. कणीक आपण चुरगळत नाही, मळतो. घट्ट झाली तर पाण्याचा हात लावून तिंबतो. दाबणं, मुडपणं, पुन्हा दाबणं दोन्हीकडे आहे. तरी एका क्रियापदाच्या टोकाला टोपली आहे आणि दुसऱ्याच्या टोकाला पोळी.

या दोहोंत फरक नेमका कुठे पडतो, याचा विचार करायला मला जपानमधल्या एका जुन्या कारागिरीनं लावलं. तिथे कागद मळतात. मळून मळून तो कापडासारखा मऊ करतात. आणि त्या कागदाचे कपडे शिवून माणसांनी कित्येक शतकं थंडी काढली आहे.

जपानी भाषेत 'मोमु' असं एक क्रियापद आहे. दुखरे खांदे रगडून देणं म्हणजे मोमु, काकडीच्या कापांना मीठ चोळणं म्हणजेही मोमु, आणि कागद मळणं म्हणजेही मोमुच. 'कामी' म्हणजे कागद. म्हणून मळलेल्या कागदाला म्हणतात मोमिगामी, आणि अशा कागदाच्या कपड्याला कामिको. दुखऱ्या खांद्याला आणि कागदाला एकच क्रियापद लावणाऱ्या भाषेचं मला फार कौतुक वाटतं. समोरचा कागद असला तरी हातानं कसं वागायचं, हे तिनं शब्दातच सांगून ठेवलं आहे.

हा कागद आपल्या वहीतल्या कागदासारखा नसतो. कोझो नावाचं तुतीच्या कुळातलं एक झाड आहे, त्याच्या सालीपासून तो होतो. पानं गळून गेली की भर थंडीत त्याच्या फांद्या बुडापासून छाटतात. बुंधा जमिनीत राहतो, वसंतात त्याला नवे धुमारे फुटतात आणि पुढच्या थंडीत पुन्हा छाटणी होते. झाड मरत नाही. फांद्या वाफवून साल सोलायची, वरचा काळा पापुद्रा खरवडून टाकायचा, आतली पांढरी साल राखेच्या पाण्यात शिजवायची आणि गार वाहत्या पाण्यात धुवायची. मग पाण्यात हात घालून तिच्यातला एकेक काळा ठिपका, एकेक गाठ वेचून काढायची. तांदूळ निवडावेत तसं हे काम, फक्त बर्फासारख्या पाण्यात. त्यानंतर साल कुटायची. तंतू एकमेकांपासून सुटले पाहिजेत, पण तुटता कामा नयेत.

हे सुटे तंतू पाण्यात सोडले की तळाशी बसू पाहतात, त्यांचे पुंजके होतात. तसं होऊ नये म्हणून पाण्यात तोरोरो-आओई नावाच्या झाडाच्या मुळांचा बुळबुळीत रस घालतात. हे झाड आपल्या भेंडीचं जवळचं नातलग आहे. भेंडी चिरताना बोटांना जी तार धरते, तशाच चिकटपणानं तो रस तंतूंना पाण्यात तरंगत ठेवतो. बांबूच्या बारीक काड्यांची चाळण त्या पाण्यात बुडवून कारागीर ती मागेपुढे झुलवतो आणि तंतू आडवे-उभे एकमेकांत गुंतत थरावर थर बसत जातात. थंडीत तो रस लवकर पातळ होत नाही, म्हणून कागदाचा खरा हंगामही थंडीचाच. हातकागदाच्या या कलेतल्या तीन परंपरा, शिमाने प्रांतातली सेकिशू-बान्शी, गिफूतली होन-मिनोशी आणि साइतामातली होसोकावा-शी, २०१४ साली युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत आल्या.

कागद झाला, की मग मळणं.

आधी त्याला खळ लावतात. ही खळ कोन्न्याकू नावाच्या कंदाची असते. कोन्न्याकू हा आपल्या सुरणाचा भाऊ, अगदी त्याच्याच कुळातला आणि त्याच्यासारखाच खाजरा. आपण सुरणाला चिंच किंवा आमसूल लावून त्याची खाज मारतो. जपानी लोक कोन्न्याकूचं पीठ चुन्याच्या पाण्यानं बांधून त्याच्या थुलथुलीत वड्या करतात आणि रश्शात शिजवून खातात. तेच पीठ नुसत्या पाण्यात कालवून ठेवलं तर दाट, पारदर्शक खळ तयार होते. ती रुंद कुंचल्यानं कागदाच्या दोन्ही बाजूंना लावायची आणि कागद जरा सुकू द्यायचा. अगदी ओला असताना हात लावला तर तो फाटेल, पार वाळून कडक झाला तरी हट्ट करील. त्या मधल्या वेळेला हात घालायचा.

मग कागद चारी कडांनी हळूहळू आत गोळा करत त्याचा चेंडू करायचा. दाबायचा. आणि उलगडायचा. सगळा, कोपऱ्यापर्यंत. मग दुसऱ्या बाजूनं गोळा करायचा, दाबायचा, पुन्हा उलगडायचा. हवी तर पुन्हा खळ, पुन्हा मळणं. सुरुवातीला कागद चांगलाच करकरतो. काही फेऱ्यांनंतर आवाज खाली येतो, नुसती खसखस उरते, आणि एका क्षणी तो जवळजवळ गप्प होतो. तेव्हा त्याला हात लावला तर अनेकदा धुतलेल्या सुती पंच्यासारखा लागतो. अंगभर बारीक सुरकुत्या, मुठीत मावेल असा मऊपणा, आणि दोन्ही हातांनी ओढला तरी फाटायला तयार नाही.

तो फाटत का नाही? कागदाचा ताठपणा येतो तो तंतू जिथे जिथे एकमेकांना चिकटलेले असतात त्या असंख्य सांध्यांमधून. मळताना हे सांधे सैल होतात. तंतू मात्र शाबूत राहतात, कारण कोझोचा तंतू लांब असतो, साधारण सेंटिमीटरभर. एक सांधा सुटला तरी तो पुढे दहा ठिकाणी गुंतलेला असतोच. वर खळीचा पातळ पापुद्रा त्याला धरून ठेवतो, तंतूंची लव निघू देत नाही आणि ओलही चटकन आत शिरू देत नाही. लाकडाच्या लगद्याच्या कागदातले तंतू त्यामानानं फारच आखूड. वर्तमानपत्राचा कागद असा मळायला घ्या, चार-सहा फेऱ्यांत घड्यांवर तो विरायला लागेल. त्यात त्या कागदाचा दोष नाही. त्याच्या वाट्याला मुळातच आखूड तंतू आले, आणि खळ कुणी लावलीच नाही.

उत्तर जपानात कडाक्याची थंडी आणि कापूस पिकेना, अशा मुलखात या कागदानं माणसांना झाकलं. मियागी प्रांतातलं शिरोइशी हे गाव कामिकोसाठी आणि कागदाचा पीळ देऊन विणलेल्या कापडासाठी नावाजलेलं होतं. कागदातून वारा शिरत नाही, तो हलका असतो, आणि त्याची घडी छोटी होते. म्हणून मात्सुओ बाशो हा कवी १६८९ साली उत्तरेच्या लांबलचक पायी प्रवासाला निघाला, तेव्हा पाठीवरच्या मोजक्या ओझ्यात रात्रीच्या गारठ्यासाठी एक कामिको होता. 'ओकु नो होसोमिची' या त्याच्या प्रवासग्रंथात त्यानं त्याची नोंद करून ठेवली आहे. पुढे कामिको ही गरिबीची खूण झाली. काबुकी रंगभूमीवर इझाएमोन नावाचा एक धनिकपुत्र आहे. प्रेमापायी घरानं टाकलेला आणि कफल्लक झालेला हा तरुण कामिको घालून प्रेयसीला भेटायला येतो. तिनंच लिहिलेली पत्रं जोडून तो शिवला आहे, असं प्रेक्षकांनी समजायचं असतं. ज्याच्यापाशी दुसरं काही उरलं नाही, त्याच्या अंगावर निदान कुणीतरी मायेनं लिहिलेले शब्द आहेत.

याच कागदाची आणखी एक गोष्ट आहे, आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाणं मला अप्रामाणिकपणाचं वाटतं. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी जपाननं फुगे तयार केले. कोझोच्या कागदाचे थर कोन्न्याकूच्या खळीनं एकमेकांवर चिकटवून केलेले, सुमारे दहा मीटर व्यासाचे. हायड्रोजन भरून, खाली बॉम्ब टांगून ते प्रशांत महासागरावरून अमेरिकेच्या दिशेनं सोडले. नोव्हेंबर १९४४ ते एप्रिल १९४५ या काळात असे सुमारे ९,३०० फुगे आकाशात गेले. कागद चिकटवायला शाळकरी मुलींना लावलं होतं. बहुतेक फुगे वाटेत नाहीतर रानावनात हरवले. पण ५ मे १९४५ रोजी ऑरेगॉन राज्यात ब्लाय या गावाजवळच्या जंगलात सहलीला आलेली एक गरोदर स्त्री आणि पाच मुलं अशा एका बॉम्बनं मारली गेली. झाड तेच, कंद तोच, मुलींचे हातही तसेच कोवळे. एकीकडे कागद मळून माणसाच्या अंगाला बिलगेल असा केला, दुसरीकडे त्याच कागदावर थर चढवून, तट्ट फुगवून मरण घेऊन पाठवला. चिवटपणा हा गुण आहे, पण तो कोणत्या कामाला लावायचा हे कागद ठरवत नाही. ते हातानं ठरवायचं असतं.

आता नारा शहरात चला. तिथल्या तोदाइजी मंदिरात दरवर्षी १ ते १४ मार्चला शुनी-ए नावाचा विधी होतो. इसवी सन ७५२ पासून तो एकदाही खंडला नाही, असं मानतात. निवडलेले ११ भिक्षू निगात्सुदो या सभागृहात रात्र रात्र मंत्र म्हणतात, प्रदक्षिणा घालतात, लाकडी फळीवर अंग टाकून देतात. हा विधी आहे क्षमायाचनेचा. वर्षभरात माणसांच्या हातून जे जे वाईट घडलं, त्याची कबुली हे ११ जण सर्वांच्या वतीनं अकरा मुखांच्या कान्नोनपुढे, म्हणजे अवलोकितेश्वरापुढे देतात. अकरा मुखांचा हा करुणेचा देव आपल्याला परका नाही. मुंबईत बोरिवलीच्या जंगलात कान्हेरीच्या ४१ क्रमांकाच्या लेण्यात त्याची मूर्ती भिंतीवर कोरलेली आहे. भारतात अशी कोरीव मूर्ती अत्यंत दुर्मीळ. तिथे कितीजण तिच्यासमोरून न थांबता जातात!

आणि या क्षमायाचनेच्या वेळी भिक्षूंच्या अंगात काय असतं? कामिको. मळलेल्या पांढऱ्या कागदाचा झगा. मार्चच्या गारठ्यात, अंग जमिनीवर आपटण्याच्या या विधीत, कागद त्यांना सांभाळतो. क्षमा मागताना अंगावर चुरगळून पुन्हा उलगडलेलं वस्त्र असावं, यातला अर्थ कुणी जाणूनबुजून योजला होता की नाही ते सोडून देऊ. मला तो दिसला, आणि तेव्हापासून एक जुनी दुपार पुन्हा पुन्हा आठवते आहे.

मी शाळेत शिकवत होते तेव्हाची ही गोष्ट. सातवीचा वर्ग, पावसाळ्याचे दिवस. एका मुलाच्या निबंधाचं पान माझ्यासमोर आलं. शाई सगळीकडे पसरलेली, निम्मी अक्षरं लागत नव्हती. दप्तर भिजलं असेल, हे कळायला फार अक्कल लागत नव्हती. बाहेर पाऊस कोसळतच होता. पण त्या क्षणी मला दिसला तो फक्त गबाळेपणा. "असलं काही मी वाचणार नाही," असं म्हणून मी ते पान सगळ्या वर्गासमोर चुरगळलं आणि टोपलीत टाकलं. मधल्या सुट्टीत टेबलावर राहिलेला हजेरीपट घ्यायला वर्गात परत गेले, तर तो एकटाच बसला होता. टोपलीतलं पान त्यानं काढून आणलं होतं. बाकावर ठेवून तळव्यानं दाबत, मधून कडांकडे नेत, तो ते सरळ करत होता. दोन ठिकाणी ते फाटलं होतं. शेजारी कोरं पान होतं आणि त्यावर तो एकेक शब्द लावत उतरवून घेत होता. त्यानं वर पाहिलं. मी हजेरीपट उचलला आणि निघून आले.

दुसऱ्या दिवशी निबंध आला. सुरेख अक्षरात. मी चांगले गुण दिले. आणि त्यानंतर कितीतरी वर्षं नव्या शिक्षकांना मी हे उदाहरण अभिमानानं सांगत आले, की वेळच्या वेळी कडक वागलं तर मुलं कशी सुधारतात.

हे चूक होतं. त्या मुलाचं अक्षर माझ्या मुठीनं सुधारलं नाही. माझ्या मुठीनं फक्त पान फाटलं. निबंध वाचला तो त्याच्या तळव्यामुळे. चुरगळण्याचं काम मी केलं, उलगडण्याचं त्यानं एकट्यानं केलं, आणि मळण्याचं श्रेय मी घेतलं.

'दुःखातून माणूस घडतो' हे वाक्य आपण फार सहज बोलतो, आणि बहुतेक वेळा दुसऱ्याच्या दुःखाबद्दल बोलतो. घरात सुनेला, कामावर नव्या पोराला, शाळेत मुलाला दाबायचं आणि म्हणायचं, यातूनच तयार होशील. कागद मळणाऱ्याला विचारलं तर तो असं म्हणणार नाही. तो आधी तंतू बघील. लांब आहे का? लहानपणी पोटभर जेवलेलं, कुणाच्या तरी मांडीवर झोपलेलं मूल बरंच काही सोसून जातं, कारण एक सांधा सुटला तरी ते दहा ठिकाणी गुंतलेलं असतं. मग तो खळ लावील. घाव बसण्याच्या आधी माया लागलेली असावी लागते, मागाहून लावून भागत नाही. मग तो वेळ बघील, फार ओलं नाही ना, फार कडक झालं नाही ना. एवढं सगळं झाल्यावर तो दाबील. आणि दाबल्यावर लगेच, त्याच हातांनी, उलगडील.

मळणं आणि चुरगळणं यांत फरक पडतो तो मला इथेच दिसतो. दाब दोन्हीकडे सारखाच असू शकतो. मळणारा हात मात्र कागद सोडून जात नाही. चेंडू करून तो टाकून देत नाही. कोपरे शोधतो, घड्या मोकळ्या करतो, प्रकाशापुढे धरून कुठे फाटलं का ते पाहतो. जितक्या वेळा दाबलं तितक्या वेळा उघडलं, हा त्याचा हिशेब चुकत नाही. एकदाच चुकला तरी ते चुरगळणं झालं.

माझा हिशेब बऱ्याच ठिकाणी चुकलेला आहे. घरच्या माणसांवर आवाज चढला आणि नंतर जेवायची ताटं घेताना विषय बदलला, हे कितीदा झालं असेल. आपण समजतो, बोलणं सुरू झालं म्हणजे मिटलं. कागद तसाच चेंडू होऊन कोपऱ्यात पडलेला असतो, आणि ज्याचा आहे त्यालाच तो रात्री एकट्यानं उघडत बसावं लागतं. उलगडायला फार मोठं काही लागत नाही. "मघाशी मी वाईट बोलले, तुझं काय म्हणणं होतं ते आता सांग," एवढं वाक्य पुरतं. पण ते मुठीच्या मालकानं म्हणावं लागतं. दुसऱ्या कुणी म्हटलं तर ते सांत्वन होतं, उलगडणं होत नाही.

उलगडल्यावर सुरकुत्या जात नाहीत, हेही कागदानंच शिकवलं. कामिकोला कुणी इस्त्री करत नाही. सुरकुत्या तिथेच राहतात, फक्त त्यांच्या धारा मऊ होतात; अंगाला टोचत नाहीत. माफी मागून झालेलं पुसून टाकता येईल, अशी आशा मी सोडून दिली आहे. त्या आठवणीची धार बोथट व्हावी, एवढं जरी माझ्या हातून झालं तरी खूप.

तो मुलगा आता चाळिशीकडे झुकला असेल. त्याला ते पान आठवतही नसेल, किंवा पक्कं आठवत असेल. भेटला तर मी त्याला सांगेन, की निबंध तुझा होता आणि चूक माझी. तोवर रोजचा दिवस समोर आहेच. आजही काहीतरी सांडेल, कुणीतरी उशीर करील, भिजलेलं पान पुढे येईल आणि मूठ आवळली जाईल. ती कधीच आवळली जाणार नाही, असं वचन देण्याइतकी मी स्वतःला अनोळखी नाही. पण कागद कसा उलगडायचा, हे एका बारा वर्षांच्या मुलाचा तळवा त्या दुपारी माझ्यासमोर दाखवत होता, आणि मी हजेरीपट घेऊन निघून आले होते. आज थांबायचं.